कॉलेज फुटबॉल : सामन्याच्या दिवसाच्या परंपरा

अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये फुटबॉल सामन्याच्या आदल्या रात्रीपासून सामना संपेपर्यंत, ठरल्या वेळी आणि ठरल्या क्रमाने पाळल्या जाणाऱ्या प्रथा. संघाचे मैदानात उतरणे, वाद्यपथकाचे संचलन, प्रेक्षकांच्या आरोळ्या, गाडीतळावरची जेवणे, जिवंत प्राण्यांची दौड आणि जिंकणाऱ्याने उचलून न्यायच्या वस्तू हे सगळे त्यांत येते. हा फुटबॉल आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे, तो फेकायचा, झेलायचा आणि समोरच्याला अंगाने अडवायचे असा हा ११-११ जणांचा खेळ आहे. १५ मिनिटांची चार सत्रे आणि दुसऱ्या सत्रानंतर साधारण २० मिनिटांचे मध्यंतर असते. विद्यापीठांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्झविक येथे झाला आणि रटगर्सने प्रिन्स्टनला ६–४ असे हरवले. त्या वेळचे नियम मात्र आजच्यापेक्षा सॉकरच्या जवळचे होते.

एका संघाचे घरच्या मैदानावर वर्षाकाठी जेमतेम सहा-सात सामने होतात, तेही ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर आणि बहुतेक शनिवारीच. म्हणून एकेका शनिवारला सणाचे मोल येते. मिशिगन, पेन स्टेट, ओहायो स्टेट आणि टेक्सस ए अँड एम यांच्या मैदानांवर प्रत्येकी एक लाखाहून अधिक माणसे बसतात. पेन स्टेट ज्या स्टेट कॉलेज गावात आहे, त्याची वस्ती मैदानाच्या निम्मीही नाही. व्यावसायिक संघ शहर बदलतात, विद्यापीठ जागचे हलत नाही. आजोबा, वडील आणि मुलगी एकाच बाकावर बसून तीच आरोळी देतात, ती यामुळे.

या परंपरा सहसा कोणी बैठक घेऊन ठरवलेल्या नसतात. मैदानाकडे जायची जवळची वाट, रहदारी चुकवायची युक्ती, वाजवताना झालेली चूक अशा साध्या गोष्टींतून त्या निघतात. टिकतात त्या मात्र सरावामुळे आणि लेखी नियमांमुळे. बाहेरून पाहणाऱ्याला हा नुसता जल्लोष वाटतो. आतली माणसे तो मिनिटामिनिटाने आखतात.

टेलगेटिंग

गाडीचा मागचा फाळका म्हणजे टेलगेट. तो खाली पाडून त्यावर जेवण मांडायचे, एवढ्यावरून हे नाव पडले. आता फाळक्याची जागा दहा बाय दहा फुटांच्या घडीच्या मांडवाने घेतली आहे. त्याखाली शेगडी, बर्फाच्या पेट्या, खुर्च्या आणि दुसरे सामने पाहायला टीव्ही असतो. विस्कॉन्सिनकडे ब्राटवुर्स्ट हे सॉसेज आधी बिअर आणि कांद्यात शिजवून मग जाळीवर भाजतात. लुइझियानात जांबलाया या मसालेदार भाताची मोठी भांडी चढतात. टेक्ससमध्ये ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीकडचे मांस, लाकडाच्या धुरावर दहा ते चौदा तास ठेवतात.

वेळेचे गणित चुकते ते इथेच. अनेक सामन्यांची वेळ टीव्ही वाहिन्यांच्या सोयीने १२ दिवस आधी, कधी तर फक्त ६ दिवस आधी जाहीर होते. सामना रात्रीचा असेल तर ब्रिस्केट पहाटे चढवले तरी चालते. सकाळी ११ चा निघाला तर आदल्या संध्याकाळीच धूर घालावा लागतो आणि कोणाला तरी रात्रभर जागावे लागते. दुसरी नेहमीची चूक निखाऱ्यांची. आत जायच्या घाईत तापलेले निखारे वाळक्या गवतावर किंवा गाडीखाली राहतात आणि आग लागते. त्यासाठी अनेक गाडीतळांवर निखारे टाकायला वेगळी लोखंडी पिंपे ठेवलेली असतात. मोठी पर्स किंवा पाठपिशवी घेऊन गेलेला माणूस दारावरून परत फिरतो, कारण बहुतेक ठिकाणी फक्त पारदर्शक पिशवी चालते आणि तिचे माप १२ × ६ × १२ इंच असते.

मिसिसिपी विद्यापीठाच्या ऑक्सफर्ड येथील ‘ग्रोव्ह’ला या प्रथेत वेगळे स्थान आहे. ओक, एल्म आणि मॅग्नोलियाची ही सुमारे दहा एकरांची राई. पूर्वी गाड्या थेट झाडांखाली उभ्या राहत. १९९१ मध्ये पावसाने चिखल होऊन जमिनीची पार दैना झाली आणि गाड्यांना मज्जाव झाला. पण गाड्या गेल्या आणि मांडव आले. आदल्या संध्याकाळी ठरल्या वेळी जागा धरायला झुंबड उडते. सकाळी पाहावे तर टेबलांवर पांढरे कापड, चांदीची ताटे, फुलदाण्या आणि एखाद्या मांडवात छताला टांगलेले झुंबर! सामन्याच्या सुमारे दोन तास आधी संघ याच गर्दीतून विटांच्या वाटेने चालत मैदानाकडे जातो. ही चाल १९८५ पासूनची.

टेनेसी विद्यापीठाच्या नॉक्सव्हिल येथील मैदानाला नदी लागून आहे. १९६२ मध्ये सामन्याचे निवेदक जॉर्ज मूनी रहदारी टाळण्यासाठी छोट्या मोटरबोटीतून मैदानापाशी आले. त्यांचे पाहून इतरही बोटी आणू लागले आणि ‘व्हॉल नेव्ही’ उभी राहिली (‘व्हॉल’ हे संघाच्या ‘व्हॉलंटिअर्स’ या नावाचे लघुरूप). बोटी एकमेकींना बगलेत बांधलेल्या असतात. त्यामुळे बाहेरच्या बोटीवरच्या माणसाला काठावर यायचे तर शेजाऱ्यांच्या चार-पाच बोटींवरून पाय टाकत यावे लागते आणि वाटेत खाण्याचा आग्रहही होतो. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातही तलावातून असेच येतात.

मैदानात उतरणे

दक्षिण कॅरोलायनातील क्लेम्सन विद्यापीठाचे मैदान १९४२ मध्ये उघडले. कपडे बदलायच्या खोल्या तेव्हा वरच्या बाजूच्या इमारतीत होत्या. रस्ता उतरून येताना सर्वांत जवळचे दार पूर्वेच्या टेकाडावर पडे, म्हणून संघ तिथून आत शिरून गवताच्या उतारावरून खाली पळत येई. पुढे खोल्या मैदानाच्या पश्चिम टोकाला आल्या आणि टेकाडाचे कारणच उरले नाही. तरी प्रथा सोडली नाही. आता खेळाडू पश्चिमेकडून बाहेर पडतात, बसमध्ये बसून मैदानाला वळसा घालतात, टेकाडाच्या माथ्यावर उतरतात आणि पुन्हा खाली पळत येतात. जवळच्या वाटेसाठी सुरू झालेली गोष्ट आज मुद्दाम लांबच्या वाटेने केली जाते. परंपरा म्हणजे काय ते सांगायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

टेकाडावर एक पांढरट दगड चौथऱ्यावर बसवलेला आहे. मैदानाचे टोपणनाव ‘डेथ व्हॅली’. म्हणून एका स्नेह्याने कॅलिफोर्नियातल्या खऱ्या डेथ व्हॅलीतून हा दगड आणून प्रशिक्षक फ्रँक हॉवर्ड यांना दिला. हॉवर्डनी तो बराच काळ दाराला अडसर म्हणून वापरला. १९६६ मध्ये तो चौथऱ्यावर गेला आणि १९६७ पासून खेळाडू त्याला हात घासून उतरू लागले. जीव तोडून खेळणार असाल तरच माझ्या दगडाला हात लावा, अशी हॉवर्ड यांची अट होती. २०१३ मध्ये कोणी तरी त्याचा तुकडा पाडला. साउथ कॅरोलायना विद्यापीठाशी घरच्या मैदानावर सामना असला, की आदले २४ तास लष्करी प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी ढोल वाजवत त्याच्यापाशी पहारा देतात.

टेनेसीत संघासाठी वाद्यपथक मैदानावर भलामोठा ‘टी’ उभा करते आणि खेळाडू त्याच्या दांड्यातून धावत येतात. प्रशिक्षक डग डिकी यांच्या काळात, १९६५ मध्ये हे सुरू झाले.

स्क्रिप्ट ओहायो

वाद्यपथकांच्या परंपरांत ओहायो स्टेटचे हे संचलन सर्वांत अवघड आणि सर्वांत देखणे मानावे लागेल. वाद्यपथक चालता चालता ‘ओहायो’ हा शब्द इंग्रजी जोडाक्षरी वळणात, लेखणी न उचलता लिहावा तसा, मैदानावर लिहिते. मिशिगनच्या पथकाने १९३२ मध्ये हा शब्द मैदानावर उभा केला होता. पण चालत लिहिण्याची ही रीत संचालक यूजीन वायगल यांची आणि ती पहिल्यांदा १० ऑक्टोबर १९३६ रोजी पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्यात दिसली. सोबत रॉबेर प्लांकेत यांचे ‘ल रेजिमां द सांब्र ए म्यूझ’ हे फ्रेंच लष्करी कूचगीत वाजते.

सुरुवातीला एकात एक अशी तीन कडी उभी राहतात आणि फिरू लागतात. मग ड्रम मेजर, म्हणजे पथकाच्या पुढे चालणारा म्होरक्या, बाहेरच्या कड्याला फोडून पुढे निघतो आणि सगळे पथक दोऱ्यासारखे त्याच्यामागे उलगडत जाते. अवघड जागा आहे ती वळणांच्या छेदांची. अक्षराची एक रेघ दुसरीला ओलांडते तिथे दोन रांगा एकमेकींच्या आरपार जातात आणि प्रत्येकाला समोरच्या रांगेतल्या दोन माणसांमधल्या फटीतून निघावे लागते. वाजवणे थांबत नाही, पाऊलही थांबत नाही. एकाचे अंतर अर्ध्या पावलाने चुकले, तर मागच्यांचे सगळे चुकत जाते आणि वरून पाहणाऱ्याला अक्षर फुगलेले दिसते. ढोल-ताशा पथकात ज्यांनी रांग धरली आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल.

शब्द पुरा झाला तरी ‘आय’वरचा टिंब बाकी असतो. १९३६ मध्ये तो कॉर्नेट वाजवणाऱ्याने दिला. पुढच्या वर्षी वायगल यांनी ग्लेन जॉन्सन या सूझाफोनवादकाला तिथे पाठवले. सूझाफोन म्हणजे अंगाभोवती वेटोळे घालून डोक्यावर कर्णा उघडणारे, पंधरा किलोच्या घरातले पितळी वाद्य. टिंब म्हणून ते लांबूनही ठसठशीत दिसते. १९३८ मध्ये एकदा ड्रम मेजर संगीत संपायच्या काही मात्रा आधीच पोचला. उरलेला वेळ भरून काढायला जॉन्सननी उंच लाथ झाडली, गिरकी घेतली आणि कमरेत वाकून सलाम केला. तेव्हापासून तोच सलाम शिकवला जातो. शेवटच्या सोळा आवर्तनांत ड्रम मेजर आणि सूझाफोनवादक टाळी देऊन ऐटीत निघतात, टिंबाच्या जागी सलाम होतो आणि लाखभर माणसे एका वेळी ओरडतात. हा मान पथकात चौथ्या-पाचव्या वर्षाला पोचलेल्या सूझाफोनवादकालाच मिळतो. बाहेरच्यांना तो क्वचित दिला गेला. गोल्फपटू जॅक निकलॉस आणि अंतराळवीर जॉन ग्लेन हे त्यांतले दोघे.

प्रेक्षक

टेक्सस ए अँड एम विद्यापीठात विद्यार्थी सामनाभर उभे असतात. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलसमध्ये सेंटर कॉलेजविरुद्ध इतके खेळाडू जखमी झाले, की प्रशिक्षक डॅना बायबल यांनी बातमीदारांच्या कक्षात मदत करणाऱ्या किंग गिल या विद्यार्थ्याला खाली बोलावले. त्याने गणवेश चढवला आणि अखेरपर्यंत कडेला उभा राहिला. संघ २२–१४ असा जिंकला आणि गिलला उतरावे लागले नाही. पण गरज पडली तर मी आहे, हे सांगायला आजही अख्खी विद्यार्थी बाजू उभी असते. तिला ‘बारावा माणूस’ म्हणतात.

घरच्या सामन्याच्या आदल्या मध्यरात्री मैदानात आरोळ्यांचा सराव होतो. चीअरलीडर इथे नसतात. विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले पाच आरोळीप्रमुख, तीन शेवटच्या वर्षाचे आणि दोन त्याआधीच्या, पांढऱ्या कपड्यांत उभे राहून हातांच्या खुणा करतात. ती खूण विद्यार्थी मागे मागे पोचवतात आणि मग सगळे एकदम कमरेत वाकून, गुडघ्यांवर हात टेकून ओरडतात. वाकल्याने आवाज पोटातून निघतो, घसा उशिरा बसतो. शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी मुलामुलींनी पहिल्या सामन्याला दोन गोष्टी सांभाळाव्यात: चार तास उभे राहता येईल असे बूट घालावेत आणि प्रतिस्पर्ध्याच्या रंगाचा सदरा घरी ठेवावा.

विस्कॉन्सिनमध्ये तिसरे सत्र संपले, की ‘जंप अराउंड’ हे गाणे लागते आणि विद्यार्थी जागच्या जागी उड्या मारतात. १० ऑक्टोबर १९९८ रोजी पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात हे सुरू झाले. २००३ मध्ये मैदानाचे बांधकाम चालू असताना इमारतीला धोका नको म्हणून ते थांबवले गेले. विद्यार्थी संतापले, अभियंत्यांनी तपासून हिरवा कंदील दाखवला आणि उड्या पुन्हा सुरू झाल्या.

मिसिसिपी स्टेटच्या प्रेक्षकांच्या हातात गुरांच्या गळ्यातली घंटा असते. नीट धरता यावी म्हणून तिला मूठ जोडलेली असते. या आवाजात चेंडू हाती घेणाऱ्या खेळाडूच्या सूचना त्याच्याच साथीदारांना ऐकू जात नाहीत, म्हणून त्यांच्या साखळीने, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाने, १९७४ मध्ये कृत्रिम आवाजाच्या साधनांवर बंदी घातली. २०१० मध्ये अटींवर सूट मिळाली. सामन्याआधी, गुण मिळाल्यावर, मध्यंतरात आणि खेळ थांबलेला असताना घंटा वाजवता येते; चेंडूवर खेळाडू वाकला की हात थांबला पाहिजे. मोडल्यास दंड विद्यापीठाला.

या सगळ्यांत वयाने लहान, पण मनाला सर्वांत भिडणारी प्रथा आयोवाची. मैदानाशेजारी विद्यापीठाचे मुलांचे रुग्णालय २०१७ मध्ये उघडले. त्याच्या बाराव्या मजल्यावरच्या काचेतून मैदान दिसते. एका चाहतीने सुचवले आणि त्याच वर्षीच्या पहिल्या सामन्यापासून पहिले सत्र संपताच सगळे मैदान, पाहुण्या संघाचे पाठीराखे आणि पंचसुद्धा, वर वळून हात हलवू लागले. काचेला चिकटलेली मुले वरून हात हलवतात. याला तयारी काही लागत नाही, वेळ एखाद-दुसरा मिनिट लागतो.

प्राणी

कोलोराडो विद्यापीठाची ‘राल्फी’ ही खरीखुरी गवा-म्हैस, म्हणजे अमेरिकन बायसन. १९६७ पासून दोन्ही अर्धांच्या आधी ती घोड्याच्या नालेच्या आकारात मैदानाला फेरी मारते. मादीच निवडतात, कारण नर वजनाने जवळजवळ दुप्पट आणि स्वभावाने तापट. तरी मादीही पाचशे किलोंच्या आसपास भरते. दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि मागे एक असे पाच विद्यार्थी दोऱ्या धरून पळतात. बाजूचे दिशा देतात, मागचा वेग आवरतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिची मर्जी. २०१९ मध्ये पाचवी राल्फी फार वेगाने पळू लागली, खुणा मानेना, म्हणून तिला निवृत्त केले. सहावीला पळण्यात रसच नव्हता, तिलाही २०२५ मध्ये रजा दिली. जनावराच्या कलाने घेणारी ही रीत योग्यच आहे.

सर्वांनी तसे केलेले नाही. लुइझियाना स्टेटचा वाघ ‘माइक’ पूर्वी पिंजऱ्यात घालून मैदानात आणत; सध्याच्या सातव्या माइकला आणत नाहीत. मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्याऐवजी दुसराच वाघ पिंजऱ्यातून फिरवला गेला आणि त्यावर रास्त टीका झाली. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये टेक्ससचा लांब शिंगांचा बैल ‘बेव्हो’ कठडा मोडून जॉर्जियाच्या बुलडॉगच्या दिशेने धावला.

ओक्लाहोमाची ‘सूनर स्कूनर’ ही दोन पांढऱ्या तट्टांनी ओढायची छपराची गाडी गुण मिळाले की मैदानात दौडते. १ जानेवारी १९८५ च्या ‘ऑरेंज बोल’ या हंगामाअखेरच्या सामन्यात तिने संघाचे नुकसान केले. जवळून मारलेला फील्ड गोल, म्हणजे लाथेने गोलखांबांमधून धाडायचा चेंडू, आत गेला आणि गाडी सुटली. पण पंचांनी आधीच नियमभंगाचा झेंडा टाकला होता. गाडी मैदानात घुसली म्हणून आणखी १५ यार्डांचा दंड बसला, पुन्हा मारलेला चेंडू अडवला गेला आणि वॉशिंग्टनने सामना २८–१७ असा जिंकला. ऑक्टोबर २०१९ मध्ये वळताना गाडी उलटली आणि तिच्या फळ्या विखुरल्या.

वैर आणि वस्तू

जुन्या वैऱ्यांच्या सामन्यात एखादी वस्तू पणाला लागते. १९०३ मध्ये मिनियापोलिसला जाताना मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांना तिथल्या पाण्याची शंका आली, म्हणून ३० सेंटला पाच गॅलनची बरणी विकत घेतली. सामना ६–६ असा बरोबरीत सुटला, गर्दी मैदानात शिरली आणि बरणी मागे राहिली. मिनेसोटाने ती ठेवून घेतली आणि हवी तर जिंकून न्या, असा निरोप दिला. तेव्हापासून ‘लिटल ब्राउन जग’ जिंकणाऱ्याकडे जाते आणि तिच्यावर सामन्यांचे निकाल रंगवतात. मिनेसोटा-आयोवा सामन्यातले ‘फ्लॉइड ऑफ रोझडेल’ हे डुक्कर १९३५ मध्ये जिवंत होते. आदल्या वर्षी आयोवाच्या ऑझी सिमन्स या कृष्णवर्णीय खेळाडूला फार मार बसला होता. तापलेले वातावरण निवावे म्हणून दोन्ही राज्यपालांनी डुकराची पैज लावली. आता त्याचा ९८ पौंडांचा कांस्य पुतळा फिरतो.

आर्मी-नेव्ही, म्हणजे भूदल आणि नौदलाच्या अकादम्यांमधला, सामना १८९० पासूनचा. सामन्याआधी दोन्ही अकादम्यांचे छात्र शिस्तीत संचलन करत मैदानात येतात. शेवटी दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या छात्रांसमोर उभे राहून त्यांचे अकादमीगीत म्हणतात, मग जिंकलेल्यांचे. म्हणून तिथे जिंकणे या शब्दाऐवजी ‘दुसऱ्या क्रमाने गाणे’ असे म्हणतात.

बिघाड

परंपरा आवाक्याबाहेर वाढली की काहीतरी मोडते. नेब्रास्काचे प्रेक्षक संघाने पहिले गुण मिळवले की लाल फुगे सोडत. हीलियमच्या टंचाईमुळे २०२२ मध्ये ते थांबले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला टेनेसीने अलाबामाला ५२–४९ हरवले, गर्दीने गोलखांब उपटून टेनेसी नदीत टाकले आणि विद्यापीठाला एक लाख डॉलरचा दंड झाला. २०२५ पासून टेनेसीच्या साखळीत मैदानात घुसण्याचा दंड पाच लाख डॉलर आहे.

ऑबर्न विद्यापीठात जिंकल्यावर टूमर्स कॉर्नरच्या ओक वृक्षांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकून झाडे पांढरी करतात. २०१० मध्ये अलाबामाच्या एका पाठीराख्याने झाडांच्या मुळाशी टेब्युथियुरॉन हे तणनाशक ओतले. ते मुळांतून वर चढते आणि मातीत वर्षानुवर्षे राहते. झाडे वाचली नाहीत, २०१३ मध्ये तोडावी लागली. २०१५ मध्ये दूषित माती बदलून नवी लावली. त्यांतल्या एकावर लटकलेल्या कागदाला २०१६ मध्ये कोणी आग लावली आणि पुन्हा नवी झाडे आणावी लागली.

सर्वांत मोठा घाव टेक्सस ए अँड एमच्या होळीचा. टेक्सस विद्यापीठाशी होणाऱ्या सामन्याआधी विद्यार्थी स्वतः झाडे तोडून, ओंडके थरांवर थर उभे रचून ही होळी पेटवत. १९९९ चा ढीग सुमारे ५९ फुटांचा होता आणि त्यात पाच हजारांच्या आसपास ओंडके होते. १८ नोव्हेंबरला पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी, रचणे चालू असतानाच, तो कोसळला. १२ जण गेले, २७ जखमी झाले. चौकशीत कारण निघाले ते असे: दुसऱ्या थराचे ओंडके पाचरीसारखे खालच्या थरात घुसून त्याला बाहेर ढकलत होते, तारेची बांधणी तो रेटा पेलण्याइतकी मजबूत नव्हती आणि आधीच्या वर्षांत खालच्या थराला आवळणारे पोलादी दोरखंड त्या वर्षी गुंडाळले नव्हते. विद्यापीठाने तेव्हापासून आवारात होळी होऊ दिलेली नाही. त्या जागी आता वर्तुळाकार स्मारक आहे. वर्तुळात जखमींसाठी २७ शिळा आहेत आणि गेलेल्यांसाठी १२ दारे. प्रत्येक दार त्या त्या मुलाच्या किंवा मुलीच्या गावाच्या दिशेला तोंड करून उभे आहे. दरवर्षी १८ नोव्हेंबरला पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी विद्यार्थी तिथे जमतात.